मागं कोण राहायचं?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या अंकात देवाविषयी लिहावं, प्रपंचाविषयी काय लिहायचं, असं कोणी म्हणेल. पण आपला देवच मुळी एका प्रपंचाच्या ओटीत आलेला आहे. अत्री ऋषी आणि अनसूयामाता यांचं नांदतं घर होतं, दारी आलेल्याला वाढायची रीत होती, आणि त्या घरात पाळणा हलला म्हणून आज आपण मार्गशीर्ष पौर्णिमेला पाळण्याची दोरी ओढतो. तेव्हा घरातला एक प्रश्न इथं मांडला तर महाराज रागावणार नाहीत, असं मी धरून चालतो.

प्रश्न असा. नवरा-बायको म्हातारी झाली, की दोघांतलं आधी कोण जायचं आणि मागं कोण राहायचं? जाणं आपल्या हातात नाही, हे सगळ्यांना कळतं. पण इच्छा धरणं आपल्या हातात असतं. पादुकांपुढं हात जोडल्यावर तोंडातून जे निघतं, ते आपलंच असतं. मग कोणती इच्छा धरावी, आणि धरलेली इच्छा दुसऱ्याच्या डोक्यावर काय ओझं ठेवते, याचा विचार करायचा की नाही? सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर हा प्रश्न बसलेला आहे. त्याला ओलांडून आपण आत-बाहेर करत असतो, एवढंच.

मी शिरोळ तालुक्यातला. नरसोबाची वाडी आमच्या गावापासून सायकलच्या अंतरावर. गुडघे चालत होते तोवर पौर्णिमेला सायकलनंच जायचो. वय आता ७८. लग्न १९७१ सालचं, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीचं. ही घरात आली आणि वर्षभरात दुष्काळ पडला, तेव्हा तिच्या पायगुणावर बोलणारी चार तोंडं गावात निघालीच. लाल मिलोच्या भाकरी तिनं थापल्या आणि सगळ्यांना वाढून उरेल ते खाल्लं. मी विकास सोसायटीत सचिव होतो, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या कर्जाचे आकडे मांडायचे. घरचं अडीच एकर रान तिनंच बघितलं म्हटलं तरी चालेल. पुढं नदीचं पाणी पाइपानं रानात आलं, ऊस आला, उसामागं चार पैसे आले, आणि पाणी पाजून पाजून खालच्या अंगाचा अर्धा एकर क्षारपड झाला तोही तिच्याच डोळ्यांदेखत. दोन मुलं, एक मुलगी. थोरला पुण्याला, धाकटा गावातच, मुलगी जयसिंगपूरला दिली. २००५, २०१९ आणि २०२१, असे तीन महापूर आम्ही याच घरात बघितले. प्रत्येक पुरानंतर भिंतीवरची पाण्याची रेघ तिनं चुन्यानं झाकली. २०१९ ची तेवढी झाकू दिली नाही. नातवंडांना दाखवायला राहू दे म्हणाली.

तर तिची इच्छा. ती तिनं कधी लपवून ठेवलेली नाही. वाडीला पादुकांपुढं, दारातल्या औदुंबराला पाणी घालताना, वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळताना, मागणं एकच: अहेव मरण यावं. हिरव्या साडीत, कपाळावर मळवट भरून, ओटी भरून न्यावं. गावात एखादी सवाष्ण गेली, की बायका तिच्या पाया पडायला रांग लावतात, ‘भाग्याची गं बाई’ म्हणतात. ही तिथनं येऊन दोन दिवस गप्प असते. मग मला म्हणते, “मी आधी जाणार बघा. मग तुम्ही काय घोळ घालायचा तो घाला.”

यातली एक गोष्ट माझ्या हिशेबी डोक्यात कायम खटकते. बाई वडीलधाऱ्यांच्या पाया पडली, की तिला आशीर्वाद मिळतो, अखंड सौभाग्यवती भव. सौभाग्य अखंड राहायचं म्हणजे तिचा शेवटचा श्वास जाईपर्यंत नवरा जिवंत पाहिजे. शेजारी तोच नवरा वाकलेला असतो, त्याला आयुष्मान भव मिळतं. दोन्ही आशीर्वाद खरे झाले, तर शेवटी म्हातारा एकटा उरतो. देणाऱ्याच्या मनात तसं काही नसतं, हे खरं. पण शब्दांची बेरीज केली तर उत्तर तेच येतं. आणि या उरलेल्या म्हाताऱ्यासाठी आपल्याकडं ना आशीर्वाद आहे, ना व्रत आहे.

गुरुचरित्रात माहूरच्या सावित्रीची कथा आहे. क्षयानं खंगलेल्या नवऱ्याला घेऊन ती गाणगापूरच्या वाटेला लागते आणि पोचता पोचता तो जातो. ती सहगमनाला निघते. वाटेत नमस्काराला वाकते तेव्हा श्रीगुरू तिला सौभाग्याचाच आशीर्वाद देतात. लोक चक्रावतात, कारण नवऱ्याचं प्रेत समोर असतं. शेवटी गुरुकृपेनं तो उठून बसतो. दरवर्षी सप्ताहात हा भाग वाचताना माझा आवाज बसतो. पण आपल्या गल्लीत कोणी उठून बसत नाही. आपल्याकडं उरते ती दुसऱ्या दिवसाची सकाळ.

बायका आधी जायचं का मागतात, हे समजायला मला पोथी लागली नाही. माझी आई मी अकरा वर्षांचा असताना विधवा झाली. माझ्या लग्नात तिनं मला हळद लावली नाही, चुलतीनं लावली. अक्षता पडताना आई सोप्यात सुद्धा नव्हती, सैपाकघराच्या दाराआड उभी होती. तिनं शेतात राबून मला शिकवलं, त्या शिक्षणावर नोकरी लागली, नोकरीवर लग्न ठरलं, आणि लग्नात तिला पुढं यायची चोरी. माझ्या नव्या नवरीनं घरात पाऊल टाकल्यावर पहिली गोष्ट बघितली असेल, तर ही. पंचवीस वर्षं सासू-सुना एका चुलीपुढं बसल्या. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की सून जायची आणि सासू दिवा लावून बसायची. ‘मला आधी ने’ हे मागणं तिथं तयार झालं. त्यात माझ्यावरची माया किती आणि त्या दाराआडची भीती किती, हे तिचं तिलाही सांगता येणार नाही.

ही भीती देवानं घातलेली नाही, माणसांनी घातलेली आहे, एवढं तरी आपण भक्तमंडळींनी स्पष्ट म्हणावं असं माझं मत आहे. आमच्याच तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ च्या मे महिन्यात ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. पेपर मी तिला वाचून दाखवला. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, “कुंकू राहू दे म्हणतात, बरं हाय. पण वाटीतलं कुंकू पुढं करणार कोण?” ठरावाची ताकद कुठं संपते, ते तिनं एका वाक्यात सांगितलं.

इथवर सगळं बोलण्यापुरतं होतं. गेल्या वर्षी श्रावणात तिला धाप लागायला लागली. तालुक्याबाहेर मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. हृदयाची झडप नीट काम करत नाही, गोळ्या चुकवू नका, पुढचं पुढं बघू, असं ते म्हणाले. गोळ्या आणल्या. ती घेते असं सगळ्यांनी धरलं. दिवाळीला सुनेनं फडताळ झाडायला काढलं, तेव्हा जुन्या पितळी डब्यात गोळ्यांची पाकिटं निघाली, न फोडलेली, एकावर एक नीट रचलेली. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, “कशाला लांबवायचं? तुमची तब्येत धड हाय तवर माझा नंबर लागू द्या.”

रागवायला सोपं होतं. पण ती दरवर्षी पादुकांपुढं जे मागत होती, तेच इथं करत होती. मागणं पवित्र आणि डबा पाप, असं कसं म्हणायचं? मला रात्रभर झोप आली नाही, आणि पहाटेला मार्कंडेय पुराणातली गोष्ट आठवली.

दत्तजन्माची आपल्याकडं घरोघर सांगितली जाते ती तीन देव भिक्षेला आले ती कथा. मार्कंडेय पुराणात आणखी एक आहे. कौशिक नावाचा एक ब्राह्मण कुष्ठरोगानं पिडलेला. त्याची बायको त्याला खांद्यावर घेऊन रात्री चाललेली. अंधारात त्याचा धक्का सुळावर दिलेल्या मांडव्य ऋषींना लागतो. वेदना असह्य होऊन ते शाप देतात, ज्यानं मला हलवलं तो सूर्य उगवताच मरेल. बायको म्हणते, मग सूर्य उगवणारच नाही. आणि खरंच उगवत नाही. दिवस नाही, यज्ञ नाहीत, पिकं नाहीत, सगळं जग अंधारात. देव हवालदिल होऊन अनसूयेकडं जातात. अनसूया त्या बाईकडं जाते. तिला शाप देत नाही, धाकही घालत नाही. एका बाईनं दुसरीजवळ बसावं तशी बसते आणि म्हणते, सूर्याला येऊ दे, तुझ्या नवऱ्याचं मी बघते. सूर्य उगवतो, नवरा पडतो, अनसूया आपल्या पुण्याईनं त्याला उठवते, निरोगी करते. प्रसन्न झालेले देव वर देतात आणि त्या वरातून ब्रह्मा, विष्णू, महेश तिच्या पोटी येतात. म्हणजे आपला दत्त जन्माला आला, त्याच्या मुळाशी एका बायकोची ‘हा माझ्या आधी जाणार नाही’ ही हट्टी माया आहे, आणि ‘सूर्याला अडवू नको’ ही दुसरीची समजूतही आहे. मला वाटतं, नुसत्या मायेपोटी दत्त आला नसता.

सकाळी चहाला मी तिला ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “ती बाई सूर्याला धरून बसली. मी कुणाला धरलंय? मी जाते म्हणते.”

मी म्हटलं, “उगवू न देणं काय आणि वेळेआधी मावळायला लावणं काय, सूर्याला हात दोन्हीकडनं लागतोच की.”

ती बराच वेळ बोलली नाही. मग तिनं सौदा केला. बाजारात मळीची वांगी घेताना करते तसा. “गोळ्या घेते. पण तुम्ही भाकरी शिकायची.”

भाकरी! ७७ व्या वर्षी! पण तिच्या मनातली खरी गाठ तिथं उलगडली. आधी जायचं तर होतं, पण मागं राहणाऱ्याचं पोट कोण भरणार, ही काळजी तिला जाऊ देत नव्हती. सून नोकरीला सकाळी साडेआठला बाहेर पडते. दुपारची गरम भाकरी गेली ५४ वर्षं मला ताटात मिळालेली आहे.

तर मी बसलो. शाळूचं पीठ, परात, उकळतं पाणी. पाणी बेतानं घालायचं, पीठ तळहाताच्या टाचेनं मळायचं, गोळ्याला चीर दिसता कामा नये. थापताना हात फिरवायचा म्हणजे भाकरी आपोआप फिरते म्हणतात. माझी फिरत नाही, परात फिरते. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, लगेच पाण्याचा हात, पाणी सुकायच्या बेताला उलटायची. उलटायला उशीर झाला की तडे जातात. आणि पीठ जुनं होऊन विरी गेलेलं असेल तर तुम्ही काहीही करा, भाकरी तुटणारच, हेही मला याच वयात कळलं. महिनाभर मी सांगली-मिरजेचे नकाशे थापले. नातवानं एकेकाचं नाव ठेवलं.

एक दिवस, कधी नव्हे ते, एक भाकरी टम्म फुगली. ती शेजारी पाटावर बसली होती. हसली आणि म्हणाली, “झालं. मी मोकळी.”

तो शब्द ऐकला आणि माझा हात तव्यावरच थांबला. म्हणजे मी भाकरी शिकत होतो, की तिची वाट मोकळी करत होतो? माझं अडाणीपण हीच तिला धरून ठेवणारी दोरी असेल, तर ती मी आपल्या हातानं कापायची का? दुसऱ्या दिवशी मी परात काढलीच नाही. गुडघा दुखतोय म्हटलं. तिला काय ते कळायला वेळ लागला नाही. “तुम्हाला भाकरी आली म्हणून यम काय लगेच दारात गाडी लावणार हाय व्हय? उठा, पीठ घ्या.”

तेव्हा मला वाटलं, की घरोघरचे आम्ही पुरुष, ज्यांना चहाचा डबा कुठं असतो ते माहीत नाही, ते सगळे एका अर्थी सूर्याला अडवूनच बसलेलो असतो. माझ्यावाचून ह्यांचं होणार नाही, या एका दोरीवर कितीतरी बायका दुखणी अंगावर काढत जगतात. त्याला माया म्हणायचं, की वेठ?

एकटं राहण्याची चव आम्ही त्याआधी एकदा घेतली होती. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही बाजूंनी गावात आल्या. हिला आणि नातवंडांना मुलीकडं जयसिंगपूरला पाठवलं. मी दोन म्हशी घेऊन माळावरच्या छावणीत राहिलो. अकरा दिवस. फोन चार्ज करायला वीज नाही. म्हशींना हिच्या हाताची सवय, मला त्या शिवू देईनात. एकीनं तर सलग दोन वेळा पान्हाच सोडला नाही, कास दगडासारखी झाली. शेवटी जनावरांच्या पांघरुणात तिचं एक जुनं पातळ आलेलं होतं ते मी अंगावर गुंडाळलं, पदर डोक्यावर घेतला आणि धारेला बसलो. छावणीतली पोरं हसून लोळायला लागली. म्हशीनं एकदा वास घेतला आणि पान्हा सोडला. खेड्यातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, बाई माहेरी गेली की पुष्कळ जण हेच करतात. पण त्या दिवशी चरवीत धार वाजत असताना मला रडू आलं, ते कशानं, हे मी आजही नेमकं सांगू शकत नाही. तिकडं तिला मुलीच्या घरी गादी, पंखा, सगळं होतं, पण झोप नव्हती. शेजारच्या खाटेवर कोणी खोकत नव्हतं म्हणून.

दत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंची गोष्ट भागवताच्या एकादश स्कंधात आहे, आणि नाथमहाराजांनी ती एकनाथी भागवतात मराठीत आणली. नाथ स्वतः प्रपंचातले आणि त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे दत्तोपासक, हे आपण जाणताच. त्या चोवीसांत दोन गुरू म्हाताऱ्या जोडप्यांनी जवळ ठेवावेत असे आहेत. एक कपोत. पिलं पारध्याच्या जाळ्यात सापडलेली बघून कपोती जाळ्यात शिरते, आणि मागं राहिलेला कपोत, आता जगून काय करू म्हणून आपणही उडी घेतो. अवधूतानं त्याला गुरू केलं ते कसं वागू नये हे शिकण्यासाठी. तरुणपणी मला ही गोष्ट कोरडी वाटायची, बैराग्यानं संसाऱ्याला दिलेला टोमणा वाटायची. आता वाटतं, ती मागं राहिलेल्यासाठीच सांगितलेली आहे. जाळं मोकळं असतं, पारधी कुठं जात नाही, पण उडी तू घेऊ नकोस.

दुसरी गुरू कुमारी. घरी पाहुणे आलेले, आईबाप बाहेर, ती आतल्या खोलीत साळ कांडते आणि हातातली कांकणं वाजतात. घरची गरिबी बाहेर कळू नये म्हणून ती एकेक करून कांकणं कमी करते. दोन उरली तरी वाजतात. एकच उरतं तेव्हा शांत होतं. अवधूत यातून एकांत शिकला. मला त्यात दुसरंही दिसतं. तिच्या हातात एक राहिलंच, आणि कमी करणारा हातही तिचाच होता. आमच्या आईच्या बांगड्या चार बायकांनी दगडावर फोडल्या. मी बघत होतो. वाजणारी दोन कांकणं म्हणजे भांडण, असं प्रवचनकार सांगतात आणि आम्ही हसतो. आमचीही ५४ वर्षं वाजतायत. म्हशी विकायच्या की ठेवायच्या, यावरनं कालच वाजली.

टेंबेस्वामींचं चरित्र वाचताना मी नेहमी एका जागी थांबतो. संन्यास घेण्याआधी ते गृहस्थ होते. गोदाकाठी गंगाखेडला १८९१ साली त्यांच्या पत्नीचं देहावसान झालं आणि त्यानंतर लगेच त्यांनी संन्यास घेतला. मागं राहिलेल्याला तिथं एक वाट होती, दंड-कमंडलूची. पुढं त्या वाटेनं भारतभर किती जणांना आधार दिला, ते आपण बघतोच. पण आपल्यासारख्या साध्या गृहस्थानं मागं राहिल्यावर घ्यायचा संन्यास कोणता? सकाळी दूध डेअरीला घालायचं असतं, नातवाची शाळेची गाडी साडेसातला येते, औदुंबराला पाणी घालायचं असतं. मला वाटतं त्याचा दंड-कमंडलू म्हणजे परात आणि चरवीच.

यंदाच्या गुढीपाडव्याला मी एक काम केलं. डायरीच्या पानावर लिहिलं, की मी आधी गेलो तर हिच्या अंगावरचं काहीही कोणी उतरवायचं नाही, बांगडी फोडायची नाही, कुंकू पुसायचं नाही. घरातल्या प्रत्येक कार्याला ती पुढं असेल आणि नातवंडांच्या लग्नात पहिली हळद तीच लावेल. सही केली. दोन्ही मुलं, सुना, मुलगी, जावई, सगळ्यांना बसवून वाचून दाखवलं आणि त्यांच्याही सह्या घेतल्या. सोसायटीतली सवय, साक्षीदाराशिवाय कागद कच्चा. थोरला म्हणाला, “आबा, सणाच्या दिवशी हे कशाला?” मी म्हटलं, सणाला तुम्ही सगळे सापडता म्हणून.

या अंकाचे वाचक बरेचसे देवळांच्या कारभारात आहेत, म्हणून आणखी एक. आमच्या गावच्या दत्तमंदिरात जन्मकाळाला पाळण्याची दोरी पहिल्यांदा सवाष्णींनी धरायची, असा प्रघात होता. कोणी लिहून ठेवलेला नव्हता, पण होता. गेल्या जयंतीला आम्ही चौघा-पाचांनी पुजाऱ्यांशी बोलून गल्लीतल्या सर्वांत थोर बाईच्या हातात दोरी दिली. तिचा नवरा जाऊन तीस वर्षं झालीत. ती नको नको म्हणत होती, हात कापत होता. मागं दोघी-तिघी कुजबुजल्या, हे नाकारत नाही. पण पाळणा हलला आणि गुलाल पडला. ही तिच्या शेजारीच उभी होती, आणि घरी येताना वाटभर गप्प होती.

मग हा भाद्रपद. पावसाळी हवा, पीठ जरासं सर्दलेलं, माझी भाकरी तव्याला चिकटून तुटली. ती गोळी घेऊन पाणी पीत होती. माझ्याकडं आणि भाकरीकडं बघत राहिली आणि म्हणाली, “न्हाई जमायचं तुम्हाला एकट्याला. तुम्हीच आधी जावा. मी मागचं सगळं आवरून येते.”

सून दारात होती. “आत्या, असं काय बोलता!” म्हणून तिनं कानावर हात ठेवले. बरोबरच आहे, आपल्या भाषेत हे वाक्य शाप म्हणूनच ऐकू येतं. कुठल्या व्रतात नाही, कुठल्या आशीर्वादात नाही, कुठल्या आरतीत नाही. पण मला विचाराल तर ५४ वर्षांत ती माझ्याशी यापेक्षा मायेचं काही बोललेली नाही. आधी जायचं मागत होती तेव्हा ती दाराआडच्या भीतीपासून पळत होती, आणि माझी काळजी तिला मागं ओढत होती. भीतीचा पाय थोडा सुटला तशी नुसती काळजी उरली, आणि ती म्हणते, जड बाजू मी उचलते.

माझंही मागणं बदललेलं आहे. महाराजांना मी आता सांगतो, हिला सुखानं ने आणि मला मागं ठेव. भाकरी जमते तशी जमेल. आमच्या दोघांचं यावर एकमत होत नाही. ती म्हणते म्हशी मला पान्हा सोडणार नाहीत. मी म्हणतो तुझं पातळ आहे. ती म्हणते पातळ किती दिवस वास धरतंय? यावर मला उत्तर सापडलेलं नाही.

या पौर्णिमेला दोघं वाडीला जाणार आहोत, एसटीनं. मला पंचाहत्तरीच्या वर म्हणून तिकीट नाही, तिला अर्धं. पादुकांपुढं दोघांचे अर्ज एकाच वेळी जातील आणि ते एकमेकांच्या अगदी विरुद्ध असतील. निकाल काय द्यायचा ते महाराज बघतील. येताना बासुंदी आणायची आहे. तिला गोड मोजूनच सांगितलंय, म्हणून पावशेरच.